बंद केलेला संगणक खरंच बंद असतो का?



अलीकडे एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतोय. ‘बाई, घरचा लॅपटॉप जुना आहे, त्याच्यावर विंडोज ११ चालत नाही म्हणे. सोबत उबुंटू टाकून घेऊ का?’ विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. माझं उत्तर असतं, जरूर टाका. फुकट आहे, जुन्या यंत्रावर बऱ्यापैकी चालतं, मुलांना शिकायला चांगलं आहे. पण विचारणारे पुढे म्हणतात, ‘आणि डी ड्राइव्ह दोन्हीकडून कॉमन ठेवतो, म्हणजे फायली इकडूनही दिसतील, तिकडूनही दिसतील.’ इथे मात्र मी त्यांना थांबवते.

कारण हा शहाणपणा मी स्वतः करून बसलेय. त्यात माझ्या वर्गाच्या साठ नोंदी गेल्या. त्या परत मिळण्यासारख्या नव्हत्या. आणि एका मुलाला मी भर वर्गात नको ते बोलले.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीनंतरची. आमच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत. प्रत्येकावर विंडोज १० आणि उबुंटू अशा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेल्या होत्या. चालू केला की यादी येते, हवं ते निवडायचं. दोन्ही का, तर आमच्या कितीतरी प्रश्नपत्रिका जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत आणि त्या विंडोजमध्येच नीट उघडतात. मुलांचं काम मात्र मी उबुंटूत करून घेते. डिस्कचे तीन भाग केले होते. एक विंडोजचा, एक उबुंटूचा, आणि उरलेला मोठा भाग म्हणजे डी ड्राइव्ह, दोघांचा सामाईक. या भागांना पार्टिशन म्हणतात. डी ड्राइव्हवर इयत्तेप्रमाणे फोल्डर. मला तर ही व्यवस्था इतकी आवडली होती की शिक्षण परिषदेत मी दुसऱ्या शाळांनाही ती सांगितली होती! त्यांनी ऐकलं नसेल तर बरं.

त्या वर्षी आठवीच्या मुलांनी गावातल्या चौदा विहिरींचं पाणी मोजायला घेतलं होतं. पाच गट केले होते. प्रत्येक अर्ध्या मीटरला गाठ मारलेली दोरी, टोकाला दगड, सोबत घरातलं कोणीतरी मोठं माणूस, आणि काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर पंधरा दिवसांनी लिहायचं. जूनमध्ये सुरुवात केली. दिवाळीपर्यंत प्रत्येक विहिरीच्या दहा नोंदी झाल्या, म्हणजे एकूण १४०. पाऊस पडल्यावर कोणती विहीर लगेच भरते, कोणती आठ-पंधरा दिवस मागे राहते, ओढ्याकाठच्या विहिरी वेगळ्या का वागतात, हे मुलांना त्या आकड्यांतून दिसायला लागलं होतं. पुस्तकातला भूजलाचा धडा मी इतकी वर्षं शिकवतेय, पण मुलं विहिरीवरून भांडताना मी पहिल्यांदाच पाहिली.

एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या एका सहकाऱ्यांनी कक्षातल्या एक नंबरच्या संगणकावर विंडोजमध्ये घटक चाचणीची प्रश्नपत्रिका केली, डी ड्राइव्हवर ठेवली आणि रीतसर ‘शट डाउन’ करून ते घरी गेले. शनिवारी सकाळची शाळा. आठवीचा एक मुलगा माझा कक्षप्रमुख होता, किल्लीही त्याच्याकडेच असायची. त्याच्या गटानं त्याच संगणकावर उबुंटूत बसून नोंदी भरल्या, आलेख काढले, बंद केला. सोमवारी मी विंडोजमध्ये गेले तर शनिवारचे आलेख दिसेनात. जुनी फाइल उघडायला गेले तर खराब झाल्याचा संदेश. म्हटलं, रीस्टार्ट करून बघू. तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, डिस्क तपासणी सुरू झाली. ती संपल्यावर विहिरींचं अख्खं फोल्डरच नाहीसं झालेलं. त्याऐवजी ‘फाउंड’ नावाचं एक नवीन फोल्डर, आणि त्यात ओळीनं क्रमांक दिलेल्या, आगापिछा नसलेल्या फायली. त्यातल्या काहींना फोटोच्या फाइलचं शेपूट लावून बघितलं तर दोन-चार फोटो उघडले. आकडे नाहीत.

मी त्या मुलाला वर्गात उभं केलं. ‘शनिवारी शेवटी तू बसला होतास. काय केलंस?’

‘बाई, मी काही नाही केलं. फक्त बंद केला.’

‘फक्त बंद केल्यावर फोल्डर जातं का?’

तो खाली बघत राहिला. मी आणखी दोन-तीन वाक्यं बोलले, ती इथे लिहवत नाहीत. कक्षाची किल्ली मी त्याच्याकडून परत घेतली. आपल्याकडे काही बिघडलं की आपण आधी शेवटचा हात कोणाचा होता ते शोधतो, आणि तो हात बहुधा मुलाचाच सापडतो. माझंही तेच झालं.

खरं काय घडलं ते कळायला मला आठवडा लागला. तुम्हाला ते शाळेतल्याच उदाहरणानं सांगते.

समजा, एकाच वर्गखोलीत सकाळी एक शाळा भरते आणि दुपारी दुसरी. दोघींचा हजेरीपट एकच आहे. सकाळच्या बाई जाताना हजेरीपट कपाटात ठेवतात, पण उद्या वेळ वाचावा म्हणून आजच्या पानाची हुबेहूब नक्कल स्वतःच्या पर्समध्ये घेऊन जातात. दुपारच्या बाई येतात, त्याच पानावर चार नावं वाढवतात, दोन खोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बाई येतात आणि कपाटातलं पान न बघता पर्समधल्या नकलेवरून पुढे लिहायला लागतात. जी ओळ त्यांच्या मते रिकामी आहे तिथे काल दुपारी कोणाचं तरी नाव लिहिलंय, हे त्यांना माहीतच नाही. त्या त्याच ओळीवर दुसरं नाव लिहितात. चूक दोघींपैकी कोणाचीच नाही. प्रत्येकीनं आपलं काम चोख केलंय. पान मात्र वाचण्यासारखं राहत नाही.

यात सकाळच्या बाई म्हणजे विंडोज. विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि ती पुष्कळशा संगणकांवर आधीपासूनच चालू असते. ‘शट डाउन’ केल्यावर तुमचे उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची त्या क्षणाची स्मृती सी ड्राइव्हवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवली जाते. पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून उभं करण्याऐवजी ती स्मृतीच परत आत घेतली जाते, म्हणून संगणक लवकर सुरू होतो. दिवा विझतो, पंखा थांबतो, पण विंडोजच्या लेखी तो झोपलेला असतो. डी ड्राइव्हवर कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे, याचं त्याच्या डोक्यातलं चित्र तसंच गोठलेलं राहतं. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी तिथे लिहिलं असेल हे तो गृहीतच धरत नाही. आणि का धरावं? एका यंत्रावर तो एकटाच राहत असेल तर ही सोय उत्तम आहे. दुसरा भाडेकरू मी आणून ठेवला होता.

गंमत अशी की ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र विंडोज पूर्ण बंद होऊन नव्यानं सुरू होतो. त्यामुळे तासाला विंडोजमधून उबुंटूत जाताना आम्ही रीस्टार्ट करायचो तेव्हा काही बिघडत नव्हतं. बिघडायची ती संध्याकाळी शट डाउन, सकाळी उबुंटू अशी जोडी. तीही दर वेळी बाधत नाही. मधे कोणी काही लिहिलंच नाही तर काही होत नाही. म्हणून तर कित्येक महिने सगळं सुरळीत आहे असं वाटत राहिलं.

आता तुम्ही विचाराल, उबुंटूला हे कळत नाही का? कळतं! आणि ही गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते. विंडोज एनटीएफएस नावाच्या पद्धतीनं डिस्कवर नोंदी ठेवतो. ती पद्धत उबुंटूलाही येते. समोरचं पार्टिशन नीट मिटवून ठेवलेलं नाही असं दिसलं तर उबुंटूतला तो प्रोग्रॅम लिहू देत नाही, फक्त वाचू देतो, आणि स्पष्ट संदेश देतो की विंडोज पूर्ण बंद करून मग या. हा संदेश मला जूनमध्येच आला होता. मुलांच्या फायली सेव्ह होईनात, तास वाया जायला लागला. मी इंटरनेटवर शोधलं. एका ओळीचा उपाय सापडला, ‘एनटीएफएसफिक्स’ नावाची आज्ञा. ती दिली की डी ड्राइव्ह लगेच लिहिता येण्याजोगा झाला. मला इतका आनंद झाला की ती आज्ञा मी दहाही संगणकांवर उबुंटू सुरू होतानाच आपोआप चालेल अशी लावून टाकली.

नावात ‘फिक्स’ असलं तरी ती आज्ञा फार थोडी दुरुस्ती करते. काही ढोबळ गोष्टी तपासते, अपुऱ्या कामांची वही कोरी करते आणि ‘पुढच्या वेळी विंडोजनं तपासणी करावी’ अशी खूण ठेवते. पण विंडोज झोपेतून उठणार असेल तर तो आधीच्या आठवणीवरच काम पुढे चालू करतो. म्हणजे सकाळच्या बाईंनी कपाटावर चिठ्ठी लावली होती, ‘माझं पान अपुरं आहे, हात लावू नका’. ती चिठ्ठी मी रोज सकाळी फाडून टाकायची व्यवस्था केली होती. उपाय देणाऱ्यानं खाली दोन ओळींत धोकाही लिहिलेला होता. मी वरचीच ओळ वाचली होती.

हे सगळं वाचून समजलं तरी खात्री करायला हवी होती. मी त्या मुलाला बोलावलं. खरं तर त्याला बोलावण्याचा धीर करायलाच दोन दिवस गेले. ज्याच्यात महत्त्वाचं काही नाही असा एक संगणक घेतला. विंडोजमध्ये डी ड्राइव्ह उघडून ठेवला, एक फाइल केली, शट डाउन. मग उबुंटू. त्यानं एक फाइल केली, तिला स्वतःचं नाव दिलं, बंद केलं. मग विंडोज. त्याच्या नावाची फाइल नाही. पुन्हा सगळं तसंच, फक्त शट डाउनऐवजी रीस्टार्ट. या वेळी फाइल दिसली. तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, ‘बाई, म्हणजे मी बंदच केलेला.’

‘हो. तू बंदच केला होतास. विंडोज बंद नव्हता, आणि ते बिघडवलं होतं मी.’

दुसऱ्या दिवशी वर्गात हेच सगळ्यांसमोर सांगितलं, कारण बोलले होते तेही सगळ्यांसमोर. हजेरीपटाचं उदाहरण तेव्हाच सुचलं. मुलं शांत होती. एका मुलीनं विचारलं, ‘मग बाई, आमच्या विहिरी?’

पाचपैकी तीन गटांनी कच्च्या वह्या जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या आठ विहिरी वाचल्या. दोन गटांनी कागद टाकून दिले होते, ‘संगणकात आहे ना’ म्हणून. असं मीच त्यांना सांगितलं होतं. सहा विहिरींच्या साठ नोंदी गेल्या. वेगळी प्रत कुठेच नव्हती. तोच डी ड्राइव्ह म्हणजे आमचा बॅकअप, अशी माझी समजूत. मार्कांची यादी गेली असती तर उत्तरपत्रिकांवरून पुन्हा केली असती, पण जुलैतलं पाणी नोव्हेंबरात कसं मोजणार?

तुमच्या घरी किंवा शाळेत दोन्ही सिस्टीम असतील तर आधी ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथे डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबायची आणि खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढून सेव्ह करायचं. विंडोजचं मोठं अपडेट झालं की मी ही खूण पुन्हा बघते. पण तेवढ्यानं निर्धास्त होऊ नका. लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटलं आणि तो ‘हायबरनेट’ झाला तर धोका तोच आहे, खूण काढलेली असली तरीही. आणि उबुंटू लिहू देत नसेल तर त्याच्याशी भांडू नका. विंडोजमध्ये जा, रीस्टार्ट करा, मग या.

सामाईक पार्टिशनच्या बाकीच्या खोड्या त्या मानानं किरकोळ, पण शिक्षकांचा वेळ खाणाऱ्या. एका मुलीनं उबुंटूत फाइलला नाव दिलं, ‘पाऊस का पडतो?’ छान नाव. विंडोजमध्ये ती उघडेना, कारण तिथे फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. कोलनही चालत नाही. आमच्या जोडणीत उबुंटू दोन्ही चालवून घेत होता. उलटी अडचण आपल्या लांबलचक मराठी नावांची. विंडोज २५५ अक्षरांचं नाव घेतो. उबुंटू त्याच्या स्वतःच्या पार्टिशनवर २५५ बाइट घेतो, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं झाली की संपलं. ‘इयत्ता आठवी द्वितीय सत्र आकारिक मूल्यमापन वर्णनात्मक नोंदी’ अशा नावांना पुढे ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ जोडत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. (मीही त्यातलीच.)

घड्याळाचाही घोळ होतो. संगणकाच्या आतल्या घड्याळात विंडोज आपली स्थानिक वेळ ठेवतो आणि उबुंटू साधारणपणे जागतिक वेळ. म्हणून एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ साडेपाच तास पुढे-मागे झालेली दिसते. फाइलींवरच्या वेळाही मग चुकू शकतात. ‘नवी कोणती, जुनी कोणती’ हे वेळेवरून ठरवून जुनीच फाइल नव्यावर टाकणारे महाभाग मी बघितलेत. उबुंटूत पुसलेल्या फायली डी ड्राइव्हवरच एका लपलेल्या कचरापेटीत पडून राहतात आणि विंडोजची कचरापेटी रिकामी केली तरी जागा मोकळी होत नाही, हेही एक. आणि लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली बाहेरची डिस्क विंडोजला लावली की तो ‘आधी फॉरमॅट करा’ असं सुचवतो. तिथे घाईनं होकार देऊ नका. डिस्क रिकामी नाही, त्याला ती वाचता येत नाहीये इतकंच.

आमच्या कक्षात आता सामाईक पार्टिशन नाही. एक जुना संगणक कोपऱ्यात ठेवलाय, त्याच्यावर फक्त उबुंटू आहे आणि त्याची डिस्क दुसरं कोणी थेट हाताळत नाही. बाकीचे नऊ संगणक, मग त्यांच्यावर त्या वेळी विंडोज असो की उबुंटू, नेटवर्कवरून त्याला फाइल मागतात आणि त्याच्याकडे ठेवायला देतात. म्हणजे हजेरीपट एका कारकुनाच्या ताब्यात आहे आणि दोन्ही सत्रांच्या बाईंनी खिडकीवर येऊन नोंद सांगायची. त्या संगणकाची दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत घेते. घरी एकच लॅपटॉप असेल तर एवढा खटाटोप नको. विंडोजचं विंडोजकडे, उबुंटूचं उबुंटूकडे, आणि इकडून तिकडे न्यायचं असेल ते एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर. दोघांनाही तो वाचता-लिहिता येतो. फक्त ‘इजेक्ट’ करून काढायचा आणि त्याच्यावर एकुलती एक प्रत कधीच ठेवायची नाही. विंडोजच्या भागातलं उबुंटूमधून वाचायला हरकत नाही, लिहू नका.

तो मुलगा आता नववीत आहे. किल्ली मी त्याला परत दिली. त्यानं घेतली, पण महिनाभर कक्ष बंद करताना तो मला बोलावून दाखवायचा, ‘बाई, बघा, बंद केलं.’ ते ऐकणं मला जड जात होतं, तरी मी प्रत्येक वेळी जाऊन बघत होते.

विहिरींचा आलेख आम्ही मोठ्या कागदावर काढून वर्गाच्या भिंतीवर लावला होता. मी आठच विहिरी घ्यायच्या असं ठरवलं होतं, म्हणजे तक्ता पूर्ण दिसला असता. तो ऐकेना. म्हणाला, ‘विहिरी तर चौदा आहेत.’ त्यानं चौदाही नावं लिहिली. सहा नावांपुढच्या ओळी दिवाळीपर्यंत कोऱ्या आहेत आणि नोव्हेंबरपासून पुढे सुरू होतात.